दोन दाबा

साहेब, पहिलं खोटं तुम्ही बोललात. मी त्यानंतर बोललो. हा क्रम आधी लिहून घ्या, कारण उद्या चौकशी लागली तर तुम्ही तो उलटा करणार, आणि कंत्राटी माणसाचं नाव वर लिहायला कुणाच्याच पेनातली शाई संपत नाही. केजच्या बैठकीत पंख्याखालच्या खुर्चीत बसून तुम्ही चाळीस आशाताईंना सांगितलंत, शेतकऱ्याच्या घरी जा, नऊ प्रश्न विचारा, त्याला म्हणा मनातलं खरं बोल, खरं बोललास की माणूस येईल. माणूस नव्हता. समुपदेशकाची जागा मंजूर होती, माणूस नव्हता. ते तुम्हाला त्या दिवशीही माहीत होतं. बशी खाली ठेवताना शेजारच्या मॅडमना तुम्ही हळूच म्हणालात, ते मी मागच्या टेबलावरून ऐकलं. मग माझ्याकडे वळलात. ऑपरेटर, एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, मशीन फॉर्म घेत नाही. मी विचारलं, ज्याच्याकडे फोनच नाही त्याचा नंबर काय टाकू? तुम्ही म्हणालात, काहीतरी टाका हो.

मी माझा टाकला. दहा शून्यं मशीन घेत नव्हतं. मनाने एखादा नंबर जुळवावा तर तो कुठेतरी खरोखरचा निघायचा, आणि कुणा अनोळखी बाईला दुपारी जेवताना फोन जायचा की तुम्हाला मरावंसं वाटतं का. तेवढी अक्कल मला होती. माझाच टाकला की निदान कुणाला त्रास नाही, असं वाटलं. दिवसाला सव्वाशे फॉर्म. तीन आठवड्यांत त्रेसष्ट माणसांच्या नावापुढे माझा नंबर गेला. मग फोन यायला लागले. मुंबईचा नंबर, रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज, लोणी लावल्यासारखा. नमस्कार, हा फोन आपल्या मनाच्या आरोग्यासाठी आहे. मागच्या पंधरा दिवसांत आपल्याला जगणं नकोसं वाटलं का? हो असेल तर एक दाबा. नाही असेल तर दोन दाबा. नाव घ्यायची नाही ती. कुणासाठी फोन आहे हे कळायला मार्गच नव्हता. पहिल्यांदा मी इमानदारीने एक दाबलं, म्हटलं बघू पुढे काय होतं. पुढे बासरी वाजली. अकरा मिनिटं बासरी वाजली आणि फोन कट झाला, आणि माझे तीन-चार फॉर्म मागे पडले. त्यानंतर मी दोन दाबायला शिकलो. दोन दाबलं की बाई लगेच धन्यवाद म्हणते आणि जाते. दिवसातून तीन वेळा, चार वेळा. संडासात असताना दोन. भाजी घेताना दोन. नंतर नंतर तर ती जगणं या शब्दापर्यंत यायच्या आत माझा अंगठा खाली गेलेला असायचा.

गेल्या गुरुवारी दुपारी फोन माझ्या हातात नव्हता, सद्दामच्या हातात होता. ऑफिससमोर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, दुकान म्हणजे पत्र्याचा खोका आणि पुढे एक बाकडं. माझ्या फोनची काच तडकली होती, ती तो बदलत होता आणि मी बाकड्यावर बसून भजी खात होतो. काच बसवून त्याने फोन चालू केला. काच कशी दिसते ते बघायला, आलेला पहिला मेसेज मोठ्याने वाचला.

"काय बे राम्या, नाव बदललं का तू? गहिनीनाथ कोन?"

"माझा मोठा भाऊ. कावून?"

"त्याचा मेसेज तुला कावून येतोय? ऐक. गहिनीनाथ, आपले समुपदेशन पूर्ण झाले आहे. आपल्या निरोगी व आनंदी जीवनासाठी शुभेच्छा." त्याने काच पुसली. "समुपदेशन म्हंजी काय असतंय? लग्नाबिग्नाचं हाय का?"

"न्हाई."

"मग तोंड कावून पडलं? भज्यात मिरची लागली का?"

मिरची लागली नव्हती. भजं तोंडात होतं आणि ते गिळायचं कसं ते मला आठवत नव्हतं. रस्ता ओलांडून मी परत मशीनवर येऊन बसलो आणि नाव टाकलं. फॉर्म उघडला. गहिनीनाथ, वय एक्कावन्न, मुक्काम नांदूरघाट शिवारातली आमची वस्ती, आडनाव माझं. झोप लागत नाही: जवळपास रोज. कामाला हात उचलत नाही: जवळपास रोज. नवव्या प्रश्नात विचारलंय, मेलेलं बरं, किंवा स्वतःला काही करून घ्यावं, असं वाटतं का? जवळपास रोज. कारणाच्या रकान्यात कर्ज नाही, आजार नाही, व्यसन नाही, घरातलं भांडण नाही. इतर. खाली: फोनवर संपर्क तीन वेळा. प्रतिसाद तिन्ही वेळा दोन. शेरा: जोखीम आढळली नाही, प्रकरण बंद. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, माहिती भरणाऱ्याचं नाव. तेही आडनाव माझंच.

मी ते नाव टाईप केलं होतं, साहेब. तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी अकरा बेचाळीसला. त्या बेचाळिसाव्या मिनिटात मी काय करत होतो ते मी तेव्हापासून शोधतोय. मला फॉर्मचा कागद आठवत नाही. तो आठवला असता आणि मी डोळेझाक केली असती, तर मी हलकट ठरलो असतो आणि विषय संपला असता. पण मला काहीच आठवत नाही, आणि हे हलकटपणाहून वाईट आहे. कारण ती बोटं कशी शिकली ते मला पक्कं आठवतं. टायपिंगचा क्लास लावायची ऐपत नव्हती. दादाने बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आणला, आणि मी केजच्या क्लासच्या खिडकीतून बघून बघून पाठ केलेल्या अक्षरांच्या चौकटी त्यावर पेनाने काढल्या. संध्याकाळी तो गोठ्यात धारेला बसायचा आणि मी समोर पुठ्ठा मांडीवर घेऊन. तो गावातली नावं सांगायचा, मी पुठ्ठ्यावर बोटं आपटायची. खाली बघायचं न्हाई, तो म्हणायचा, बघून काय कुनीबी लिवतंय. पहिलं नाव त्याने स्वतःचंच सांगितलं. गहिनीनाथ टाक. आवाज न करणाऱ्या त्या पुठ्ठ्यावर मी ते नाव हजारदा टाकलं असेल. म्हणजे माझ्या बोटांना जगातला कुठलाही शब्द यायच्या आधी तो शब्द आला. म्हणूनच असेल, अकरा बेचाळीसला तो डोळ्यांना न विचारता खाली उतरला. दुसऱ्या कुणाचं अवघड नाव असतं तर मी थांबलो असतो, कागद वर उचलून वाचला असता. भावाचं होतं म्हणून थांबलो नाही. याला तुमच्या फॉर्ममध्ये रकाना आहे का? इतर?

फोन लावावा तर कुणाला. दादाने त्याचा फोन जूनमध्ये पोरीला देऊन टाकला होता, माझी पुतणी करिष्मा बीडला नर्सिंगला आहे, तिचा बिघडला होता. मला कोन फोन करतंय, म्हणाला. वस्तीवरची बाकीची तिन्ही घरं दिवाळी झाली तशी कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. राहिली आमच्या भागातली आशाताई, मंजुषाताई. तिला लावला.

"ताई, दादाचा फॉर्म तुमी भरलाय."

"व्हय भाऊ. चांगले दोन तास बसले हुते त्यांच्यापाशी. म्या त्याच दिवशी तुमाला फोन करनार हुते. मग म्हनलं, कावून करावा, फॉर्म तुमच्याच हाताखालून जानार हाय. दुसऱ्या कुनाच्या नजरंला पडंल न पडंल, तुमच्या पडंलच. आला का मानूस?"

मी फोन ठेवला. तिला काय सांगणार. तिने तुमच्यावर नाही, माझ्यावर भरोसा टाकला होता. आणि मी तुमच्या मशीनवर. मशीनने कुणावर टाकला होता ते तुम्हाला माहीत.

जीपमध्ये नऊ माणसांच्या जागेत चौदा. माझ्या मांडीवर कुणाचं तरी गाठोडं, खिडकीतून उसाच्या पाचटाचा जळका वास, आणि डोक्यात एकच गोष्ट, घुंगरमाळ. पोळा झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात दादा माझ्या केजच्या खोलीवर आला होता. एसटीने, न कळवता, मांडीवर धोतराच्या फडक्यात काहीतरी बांधलेलं. घरात बैल नसून चार वर्षं झाली, पण बापाच्या वेळची ती पितळी घुंगरमाळ तो दर पोळ्याला चिंचेने घासून खुंटीला परत लावायचा. फडकं सोडलं तर तीच. तुझ्याकडं राहू दे, म्हणाला. मी म्हणालो, आं, आन् तुला? तो म्हणाला, म्या काय करू. चहा प्यायला आणि पुढच्या गाडीने गेला. मी खिळा ठोकला, माळ भिंतीला लावली, सद्दामला बोलावून दाखवली, फोटो काढून स्टेटसला ठेवला. बापाची आठवण, मोठ्या भावाचं प्रेम. बावन्न लोकांनी बघितला. आणि त्याच महिन्यात तुम्ही पाठवलेलं माहितीपत्रक मी स्वतः टाईप करून चाळीस प्रती काढल्या होत्या, त्यात चौथ्या ओळीत होतं: जवळच्या वस्तू वाटून टाकणे. ती ओळ माझ्या बोटांनी लिहिली होती. बोटांनीच. जीप खड्ड्यात आदळली आणि खिशात फोन वाजला. काढून बघितला, मुंबईचा. अंगठा आपोआप वर आला. मी तो अंगठा दुसऱ्या हाताने धरून ठेवला. शेजारची म्हातारी म्हणाली, "उचल की बाबा, कुनाचं तरी काम आसंल." मला तो उचलता आला नाही आणि कापताही आला नाही. वाजून वाजून थांबला. कुणाचं तरी काम होतं. कुणाचं, ते मला आजही माहीत नाही.

वस्तीवर उतरलो तेव्हा उन्हं कलती झाली होती. अंगणात सोयाबीनची गंजी तशीच उभी. सगळ्यांचं सोयाबीन महिन्यापूर्वी मळणीतून निघून गेलं, आमचं ताडपत्रीखाली. मंजुळावहिनी शेळीला पाला टाकत होत्या. मला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघतच राहिल्या.

"भाऊजी? कुनाला काय झालं?"

"काय न्हाई. दादा कुठाय?"

"कुठं आसनार, फाट्यावर." त्या असं म्हणाल्या की मला ते ठाऊकच असणार. "सकाळी आंघूळ करून, धुतलेला सदरा घालून जाऊन बसत्यात, दिवस मावळला की येत्यात. घास दोन घास खाल्लं तर खाल्लं. म्या म्हनलं गंजी भिजंल, मळनीवाल्याला बोलवा. तर म्हनत्यात, तो येऊन जाऊ दे."

"कोन?"

"मानूस. ताई बोलून गेली न्हाई का, मानूस येनार हाय म्हून. म्या म्हनलं, कोन येतंय आपल्याकडं. तर मलाच म्हनले, तू गप, शब्द दिलाय त्यांनी."

फाटा वस्तीपासून हाकेवर. मी पळालो नाही. पळालो असतो तर वहिनींना कळलं असतं. बाभळीखालच्या दगडावर तो बसला होता, पाठ ताठ, सदऱ्याच्या घड्या मोडलेल्या नाहीत, पायाशी पाण्याचा तांब्या आणि तांब्यावर पालथा ग्लास. तो ग्लास आमच्या घरातला पाव्हण्यांचा, फुलांचा. मला बघून त्याने मान हलवली आणि परत रस्त्याकडे बघायला लागला. मी शेजारी बसलो. तो आहे, दिसतोय, त्याच्या श्वासाचा आवाज येतोय, एवढं बराच वेळ मोजत राहिलो.

"जीपनं आला?"

"हां."

"सुट्टी हाय?"

"न्हाई." मग मी विचारलं, "दादा, ताईला तू सगळं खरं सांगितलंस?"

त्याने नुसता हुंकार दिला. एक ट्रॅक्टर गेला, मोकळी ट्रॉली खडखडत. तो लांब गेल्यावर दादा बोलला, रस्त्याकडे बघतच.

"कुनी इचारलंच न्हवतं रे आजवर. काय पेरलं, किती झालं, हे समदे इचारत्यात. तिनं इचारलं, जगू वाटत न्हाई का. म्या म्हनलं, न्हाई वाटत. तोंडातनं निघून गेलं. लई लाज वाटली मग. मंजुळा चुलीपाशी हुती, तिला ऐकू गेलं का न्हाई म्हाईत न्हाई. तर ताई म्हनली, मानूस येईल, तवर काय करू नका. म्या म्हनलं, बरं." त्याने तांब्या सारखा केला. "पाव्हना यायचा आन् आपुनच घरी न्हाई, बरं दिसतंय का?"

साहेब, हे वाक्य परत वाचा. तुमच्या सगळ्या योजनेत माणूस वाचवण्याचं जे काही झालं ते एवढंच झालं. तुमच्या खोट्यावर नाही, पाव्हण्याला पाणी विचारायच्या रीतीवर तो तीन आठवडे जिवंत राहिला.

"काय झालंय काय तुला, दादा?"

"काय झालं न्हाई. त्येच तर सांगता येईना. काय झालं आसतं तर सांगून मोकळा झालो आसतो." त्याने हात उघडून बघितले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. "सोयाबीन चांगलं झालंय औंदा. पोरगी शिकतीय. तू नोकरीला हाय. सकाळी डोळा उघडला की वाटतंय, आजून एक दिवस. इतकंच. कुनाला कळंल का हे?"

मला गप्प बसता आलं असतं. घरी नेलं असतं, माणूस बदलीवर गेला म्हणालो असतो, माझं नाव त्यात आलंच नसतं. जीभ त्या खोट्यापर्यंत गेली होती. पण तो ज्या ताठ पाठीने बसला होता ती बघून मला वाटलं, याला आणखी एक जण फसवेल आणि तो मी असेन, तर मग बाकी काही उरणार नाही. मी सगळं सांगितलं. रकाना, नंबर, बासरी, दोन. सांगताना मी त्याच्याकडे नाही, फुलांच्या ग्लासाकडे बघत होतो.

"म्हंजी," तो सावकाश म्हणाला, "म्या हितं बसलोय, आन् तो फोन तुझ्या खिशात वाजत हुता."

"हां."

"आन् तू न्हाई म्हनलास. माझ्या वतीनं."

"तीनदा."

मला वाटलं उठून जाईल, किंवा मारेल. लहानपणी एकदा मारलं होतं, शाळा बुडवली म्हणून. मग रात्रभर पाठीला तेल चोळत बसला होता. तो उठला नाही.

"नाव तरी वाचायचं बे," म्हणाला.

बे. सगळं शिवार एकमेकांना बे म्हणतं, पण दादाने मला आजवर कधी म्हटलं नव्हतं. तो शब्द माझ्या अंगावरून गेला नाही, अजून आत आहे. मी काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. मुंबईचा. नवीन काचेवर नंबर लख्ख दिसत होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

"उचल," दादा म्हणाला.

"ह्यो तुझा न्हाई, दादा. तुझं बंद केलंय त्यांनी. ह्यो दुसऱ्या कुनाचा तरी हाय."

"आसू दे. उचल."

मी स्पीकरवर टाकला. नमस्कार, बाई म्हणाली, बाभळीखाली, लोण्यासारख्या आवाजात. तो सावरून बसला, सदऱ्याची कॉलर नीट केली. जगणं नकोसं वाटलं का, हे तिने पूर्ण म्हटलं, मी कित्येक दिवसांत पहिल्यांदा ते पूर्ण ऐकलं. दादाने त्याचं भेगाळलेलं बोट पुढे आणलं आणि एक दाबलं. पहिल्यांदा उमटलं नाही, बोटाची कातडी जाड. त्याने परत दाबलं, जोरात. मग बासरी सुरू झाली.

आम्ही बसून राहिलो. एक एसटी येऊन गेली, कुणी उतरलं नाही. दोन मिनिटं, पाच मिनिटं. त्याने ग्लास सुलटा केला, पाणी ओतलं, मला दिलं. मी पाव्हण्यांच्या ग्लासातलं पाणी प्यायलो. तीन आठवडे रोज नव्याने भरलेला तांब्या. आठ मिनिटं. "बरं वाजवतोय," दादा म्हणाला. अकराव्या मिनिटाला फोन कट झाला. बाभळीत एक होला घुमत होता, तो तेवढा चालू राहिला.

"परत लावत्यात का ते?"

"न्हाई."

"मग मानूस कवा येनार?"

आज पाचवा दिवस. मी कामावर आलेलो नाही, येणारही नाही, त्या जागेवर दुसरा घ्या. फक्त त्याला सांगा की नाव वाचायचं. दादाला आम्ही एकटं सोडत नाही, मी नाहीतर वहिनी. बुधवारी त्याला अंबाजोगाईला डॉक्टरकडे नेतोय, करिष्मा तिथे येऊन थांबणार आहे, वहिनींना सगळं सांगितलंय. त्या म्हणाल्या, "मला ऐकू गेलतं, भाऊजी. म्या चुलीपाशीच हुते. रोज राती हात धरून झोपत हुते, म्हनलं इचारलं तर तुटंल." काल गंजी मळून घेतली, दादाने दोन पाट्या उचलल्या. हे तुमच्या अहवालात घालू नका. हे तुमचं नाही.

शुक्रवारी तासभर आलो ते कामाला नाही, मशीनवरून बाकीची बासष्ट नावं कागदावर हाताने उतरवून घ्यायला. हाताने, एकेक वाचून. त्यातल्या सात घरी जाऊन आलो. पाच जण भेटले. पाचही जणांनी आधी हेच विचारलं, मानूस तुमीच का? म्हाळू नावाचा माणूस ऊसतोडीला गेलाय, कुठल्या कारखान्याला ते गावात कुणाला सांगता येत नाही. भिवराबाईच्या दाराला कुलूप आहे आणि शेजारी नुसतं रस्त्याकडे बोट दाखवतात. या बासष्ट जणांच्या वतीनेही मी दोन दाबलंय. कुणाच्या वतीने किती वेळा ते मशीनमध्ये आहे, उघडून बघायचं धाडस मला झालं नाही. माझ्या वाट्याचं मी घेतलं. तुमच्या वाट्याचं तुम्ही घ्या.

दुपारी दादा अजून फाट्यावर जातो. तांब्या घेऊन. मी शेजारी बसतो. सवय म्हण, असं तो म्हणतो, पण एसटी थांबली की त्याची मान वर होते, ते मी बघतो. फोन चालू आहे, काच नवीन आहे. माझा नंबर तुमच्याकडे आहे साहेब, त्रेसष्ट वेळा आहे. रेकॉर्ड केलेल्या बाईला बाजूला करा, स्वतःच्या आवाजात लावा, आणि स्पीकरवर, त्याला ऐकू जाईल असं सांगा: माणूस कधी येणार?